सुभक्ती आणि संसार : 'स्मृतिचित्रे'तील टिळक

ख्रिस्ती धर्मात 'देवाचा माणूस' कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः संतचरित्रांत किंवा प्रवचनांत शोधले जाते. मराठीत मात्र या प्रश्नाची सर्वांत कसोशीची तपासणी एका पत्नीच्या आत्मचरित्रात झाली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. त्यातील विनोद, बोलभाषा व निरागसता यांची चर्चा विपुल झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या धार्मिकतेचे परीक्षण म्हणून त्याचा विचार त्यामानाने कमी झाला.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'सुभक्ती' हा शब्द वारंवार येतो. (हे पत्र पौलाचेच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, प्रस्तुत विवेचनावर त्याचा परिणाम होत नाही.) मूळ ग्रीक शब्द 'युसेबेइया'. ग्रीक-रोमन जगात त्याच्या अर्थकक्षेत देवतांविषयीच्या आदराबरोबर आईवडील व घर यांविषयीचे कर्तव्यही येत असे. पत्रकर्त्याने हा अर्थ टाकलेला नाही. पाचव्या अध्यायात विधवांच्या पोषणाचा विषय निघताच त्याने याच धातूपासूनचे क्रियापद घरच्या माणसांच्या संदर्भात योजले आहे. तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता सांगताना तो सौम्य असावा, भांडखोर नसावा व त्याने आपले घर नीट चालवावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे घर हे सुभक्तीचे गौण क्षेत्र नसून तिच्या कसोटीचे पहिले स्थान होय.

या कसोटीवर लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले टिळक सहजासहजी उतरत नाहीत. ते शीघ्रकोपी आहेत. हाती आलेला पैसा त्यांच्याकडे टिकत नाही. कोणाचे दुःख दिसले की तो तिकडे जातो आणि घरातील चूल कशी पेटावी हा प्रश्न पत्नीपुढे राहतो. अनाथ व निराश्रित यांना ते घरी आणतात; त्यांचे खाणेपिणे, दुखणेखुपणे अर्थातच तिच्याकडे येते. दानशूरतेची कीर्ती एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे. तिच्याकडे केवळ कविमनाचा लहरीपणा म्हणून पाहणारी समीक्षा लक्ष्मीबाईंच्या विनोदाला फसते. त्यांचा विनोद क्षमाशील आहे, पण हिशेब विसरणारा नाही.

सर्वांत गंभीर प्रसंग धर्मांतराचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीची संमती न मिळवता. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीच्या दृष्टीने ही घटना जवळजवळ वैधव्यासारखी होती. पती हयात असून संसार मोडला होता. पतीने आपल्या सत्यनिष्ठेचे मोल येथे दुसऱ्याच्या आयुष्यातून चुकते केले, हे म्हटलेच पाहिजे.

तथापि, याच प्रकरणाच्या पुढील भागात त्यांच्या सुभक्तीचा खरा पुरावा सापडतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणून, सोवळेओवळे सांभाळत. टिळकांनी ते सांभाळू दिले. क्षुल्लक कारणावरून संतापणारा हा मनुष्य पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत थांबू शकला. पतीचा शब्द अखेरचा मानणाऱ्या त्या समाजात आज्ञा करणे त्यांना सहज शक्य होते. शिवाय नवख्रिस्ती उपदेशकाची पत्नी अख्रिस्ती राहणे त्यांच्या प्रतिष्ठेलाही सोयीचे नव्हते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. तत्पूर्वी जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या होत्या, आणि आत्मचरित्रात तो निर्णय त्यांनी स्वतःचाच म्हणून नोंदविला आहे. इफिसकरांस पत्रात पतीच्या प्रीतीला ख्रिस्ताच्या आत्मसमर्पणाचे प्रमाण लावले आहे. टिळकांच्या बाबतीत ते समर्पण त्यांच्या दानापेक्षा या थांबण्यात अधिक दिसते, कारण येथे त्यांना सोडावा लागला तो स्वतःचा अधिकार.

टिळकांचे अभंग वाचताना ख्रिस्ताला मायबाप व गुरू मानणाऱ्या भक्ताची ओळख पटते, परंतु तो भक्त एकटा असतो. 'स्मृतिचित्रे'त त्याच्यासमोर सतत कोणीतरी असते, आणि ते त्याला उलट उत्तरही देते. लक्ष्मीबाई स्वतः तापट व हट्टी. पतीच्या बरोबरीने भांडणाऱ्या. म्हणूनच त्यांची साक्ष सोशीक पतिव्रतेच्या स्तुतीहून अधिक विश्वसनीय ठरते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. अभ्यासक या कल्पनेचा उगम बहुधा वारकरी परंपरेत व मिशनरी सत्तेविषयीच्या असमाधानात शोधतात, आणि ते योग्यच आहे. परंतु बाप्तिस्मा न घेतलेल्या व्यक्तीबरोबर एका छपराखाली, तिच्यावर सक्ती न करता राहण्याचा अनुभव टिळकांना त्यापूर्वी सुमारे दोन दशके आपल्या स्वयंपाकघरात मिळाला होता. 'दरबारा'च्या इतिहासात त्याचीही नोंद व्हावयास हवी.