छताखालची कुस्ती

मातीतली कुस्ती खरी आणि छताखालची नुसती नौटंकी, हे वाक्य हिवरखेडच्या पारावर कुणीही डोळे झाकून मान्य करेल. मला ते पटत नाही. छत आलं की कुस्तीचं काय होतं, हे आधी नीट बघू.

मुंबईत वरळीला 1957 साली सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम सुरू झालं. साधारण 5,000 माणसं मावतील एवढं, डोक्यावर छत. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांनी ते गाजलं. दंगलीत एका वेळी दोन-तीन जोडी सुटते. आपण कुठं बघायचं ते आपण ठरवतो. इथं मात्र उजेड फक्त रिंगणावर आणि प्रेक्षक अंधारात. नजर कुठं ठेवायची हे दिवाच सांगतो. मग एक नायक लागतो, एक खलनायक लागतो. नायकानं आधी मार खायचा आणि मग उठायचं. कुस्तीला गोष्ट मिळते. 1962 साली ‘किंगकाँग’ याच नावाच्या चित्रपटात दारासिंग नायक झाला, यात नवल नाही. अर्धं काम रिंगणानं आधीच केलं होतं.

पुढं याच जागेला ‘डोम’ म्हणू लागले. गाण्याचे कार्यक्रम झाले, पुरस्कार सोहळे झाले. 2014 साली प्रो कबड्डीचा पहिला सामना इथंच झाला. 2020 साली कोविडच्या रुग्णांसाठी इथं खाटा टाकल्या गेल्या. जागा तीच, काम दरवेळी वेगळं.

म्हणजे खेळाचा तमाशा मुंबईनं केला? तसं म्हणायच्या आधी कोल्हापूर बघा. शाहू महाराजांनी युरोपात मोठी प्रेक्षागृहं पाहिली आणि 1912 साली खासबाग मैदान पुरं झालं. 1915 साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एकीकडं नाट्यपदं, दुसरीकडं लाल माती, दोन्ही पाठीला पाठ लावून. महाराजांना पैलवान आणि गायक वेगळ्या जगातले वाटत नव्हते. आणि कुस्ती तरी मुकी कुठं असते? तिकडं हलगी, आपल्याकडं डफडं. वाद्य थांबलं की फड थंड पडतो.

आपल्या वऱ्हाडातही हेच आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. तेही लोकांसमोर कसब दाखवणंच होतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

म्हणून खरं-खोटं या मोजपट्टीनं या जागा मोजता येत नाहीत. त्यांचा इतिहासही बहुतेक वेळा ‘कोण येऊन गेलं’ याची यादी असतो. मला विचारायचंय, जवळ कोण बसलं? दंगलीत लवकर येईल तो आखाड्याच्या कडेला मांडी घालतो. बंदिस्त हॉलमध्ये मात्र रिंगणाजवळची खुर्ची सगळ्यात महाग असते. आजच्या कॉन्सर्टमध्ये तर मंचापुढं व्हीआयपींचा कठडा असतो आणि ज्याला गाणं तोंडपाठ आहे तो मागं मोबाईल उंच धरून उभा. छतानं कुस्तीचं काही बिघडवलं नाही. तिकिटानं बसायची रांग उलटी केली, ते मला जास्त खुपतं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळालं. ते परत उभं करताना फक्त खुर्च्या आणि एसी मोजले, तर महाराजांची मूळ कल्पना हातची जाईल. आणि आपल्यालाही छत हवंच आहे. आज स्पर्धा मॅटवर होतात, मॅट वऱ्हाडातल्या उन्हापावसात उघड्यावर टाकता येत नाही. तालुक्याच्या गावी हॉल बांधायची गोष्ट निघाली, तर मॅटसोबत एक मंचही मागा. आणि पहिल्या रांगेत सोफे न ठेवता सतरंजी टाकायला सांगा.