अर्धवट सोडलेली कादंबरी : रसविघ्न की अनौचित्य?

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखाशी भाट्ये हे गाव आहे. मधली खाडी ओलांडली की शहर, आणि शहरात १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय. पूल नव्हता तेव्हा तरीतून आणि पूल झाल्यावर रस्त्याने, पुस्तक पलीकडून आणावयाचे व वाचून परत न्यावयाचे, हा खाडीअलीकडच्या वाचकाचा स्वाभाविक क्रम. अशा वाचकाने एखादी कादंबरी शंभराव्या पृष्ठावर मिटली व तशीच परत केली, तर वाचनालयाच्या नोंदवहीत ती इतर पुस्तकांप्रमाणेच जमा होते. ती अर्धीच वाचली गेली, आणि ती कंटाळ्यामुळे नव्हे तर वाचकाच्या नीतिकल्पनेस धक्का बसल्यामुळे, याची नोंद कोठेच राहत नाही. वाङ्मयेतिहासाचीही गत काहीशी अशीच आहे. कादंबरीची परीक्षणे, आवृत्त्या व तिच्यावरील वाद यांचा हिशेब तो ठेवतो. तिला मध्येच सोडणाऱ्या वाचकाचा निर्णय मात्र त्याच्या लेखी निर्णयच नव्हे.

हा निर्णय वाङ्मयीन मानावा की नाही, याविषयी संस्कृत साहित्यशास्त्रात दोन निराळे धागे सापडतात. आनंदवर्धनाच्या मते रसभंगाचे खरे कारण अनौचित्य हे होय, आणि अनौचित्य हा कृतीचा दोष आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्नांची चर्चा केली. त्यांतील काहींचे मूळ कृतीत असले तरी निदान दोन विघ्ने आस्वादकाच्या ठिकाणी संभवतात : स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, आणि चित्रित विषय अमक्याच व्यक्तीचा, अमक्याच देशकाळाचा आहे असे धरून बसणे. म्हणजे पुस्तक मिटल्यावर दोष कोणाचा, हा प्रश्न उरतोच. वाचकाची 'मूल्ये दुखावली' एवढ्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

मराठी कादंबरीच्या आरंभीच हा प्रश्न उभा राहिला होता. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्यानंतर एका वर्षाने प्रसिद्ध झालेली. विधवांच्या स्थितीचे तिच्यातील चित्रण कोणाही सहृदय हिंदू वाचकास अस्वस्थ करील. परंतु विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेचे ख्रिस्ती होणे व ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होणे येथे त्याच वाचकाची पावले थबकतात. येथे वाचकास संकुचित म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. आधी दाखविलेल्या दुःखातून हा एकच निष्कर्ष निघतो असे लेखकाने गृहीत धरले आहे. यमुनेपुढे दुसरा मार्ग त्याने खुला ठेवलाच नाही. वाचकाची तक्रार धर्मांतराविषयी असली, तरी तिच्या तळाशी कथेच्या जुळवणीविषयीची रास्त शंका आहे. ही शंका अनौचित्याची होय.

विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर' (१९३४) या कादंबरीची गोष्ट याहून निराळी. विवाहित अचला विरागीबरोबर विवाहावाचून राहते, हे त्या काळच्या अनेक सुशिक्षित वाचकांना असह्य होते. तथापि त्या वेळची कायद्याची स्थिती विसरून हा प्रक्षोभ समजणार नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाची कायदेशीर वाट दिली होती. ब्रिटिश मुलखातील हिंदू स्त्रीस सामान्यतः ती नव्हती. मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली झाला व देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. अर्थात अचलेपुढे पळवाट नव्हती, आणि वाचकापुढेही नव्हती. तिला दोष न द्यावा तर विवाहसंस्थेस द्यावा लागतो, आणि ती संस्था वाचकाच्या स्वतःच्या घरात आहे. पुस्तक मिटणारा वाचक येथे अचलेपासून दूर होत नसून स्वतःस झालेल्या स्पर्शापासून दूर होतो. अभिनवगुप्ताने सांगितलेली विवशता ती हीच. पुढे कायदा बदलला तेव्हा प्रक्षोभाचे निमित्त बरेचसे ओसरले आणि कादंबरी वाचनीय राहिली. कायदा बदलताच जी कादंबरी नुसती जुनी वाटू लागते तिच्यात प्रश्नापलीकडे काही नव्हते, अशी कसोटी लावली तर 'हिंदोळ्यावर' तीतून पार पडते. कारण नावातील हिंदोळा मुख्यतः अचलेच्या मनाचा आहे.

आता खाडीकाठच्या वाचकाकडे पुन्हा वळणे अवश्य आहे, कारण श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) ही त्याच्याच जिल्ह्याची कादंबरी. पोफळी, खोत, भावकी, चहाचे दुकान यांपैकी काहीही त्याला समजावून द्यावे लागत नाही. प्रादेशिक कादंबरीचे हे बळ आहे आणि नेमके हेच तिच्या स्थानिक वाचकाचे विघ्नही आहे. पुण्यातील वाचक बापू आणि राधा यांच्याकडे माणसे म्हणून पाहू शकतो. किनाऱ्यावरील वाचकास मात्र ती 'आपल्याकडची' म्हणून दिसतात, आणि आपल्या गावाची अब्रू पुस्तकात मांडली गेली असे वाटते. स्वगत-परगताचे विघ्न एरवी पाठ्यपुस्तकी वाटते. येथे ते मूर्तिमंत उभे राहते.

यात आणखी एक गुंता आहे. मुंबई राज्याचा खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ सालचा. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी निघालेल्या या कादंबरीत गरीब घरचा एक मुलगा अण्णा खोतांच्या वर्चस्वास आव्हान देतो. तेव्हा एखाद्या खोताच्या घरातील वाचकाने ती खाली ठेवली असेल, तर ती राधेमुळे की अण्णांमुळे, हे ठरविणे सोपे नाही. बहुधा त्यालाही ते ठरविता आले नसते. राधेविषयीचा आक्षेप चारचौघांत बोलता येतो, हातून गेलेल्या सत्तेविषयीचा सल बोलता येत नाही, म्हणून दोहोंस मिळून 'नीती' हे एकच नाव मिळते. मूल्यांच्या नावाने केलेल्या वाङ्मयत्यागाची चिकित्सा करताना टीकाकाराने हे नाव जसेच्या तसे स्वीकारू नये. उलट, हा त्याग म्हणजे सर्वस्वी स्वार्थच, असे मानणेही तितकेच उथळ होईल. बापूच्या दांडगाईवर पेंडशांचे प्रेम आहे, आणि काही ठिकाणी ते प्रेम त्यांच्या तटस्थतेवर मात करते. तेथे अडखळणाऱ्या वाचकाजवळ सांगण्यासारखे काही आहे. ते त्याने न सांगता पुस्तक परत केले, हेच वाईट.

त्यानंतरच्या दशकातील दोन वाद सर्वश्रुत आहेत. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' (१९६२) या कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६९ साली ती अश्लील नाही असा निर्णय झाला. न्यायाधीशास कृती समग्र पाहावी लागते. घरी वाचणाऱ्यावर तसे बंधन नाही, आणि ते लादूही नये. परंतु आपला त्याग जो दुसऱ्यांसाठी नियम करू पाहतो, त्याने ते बंधन आपण होऊन पत्करावयास हवे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून कडक प्रहार केला. तेथे निवेदक पोक्या हा त्या नाक्यावरील टोळक्यातलाच आहे. भाषा त्याची, फुशारकीही त्याचीच. लेखक कोठेही पुढे येऊन 'हे बरे' वा 'हे वाईट' म्हणत नाही. पदमनजींच्या वाचकाची अडचण लेखक फार बोलतो ही होती. पाध्यांच्या वाचकाची अडचण लेखक बोलतच नाही ही आहे. पोक्याच्या बोलण्यातील पोकळी ऐकू येण्यास काही पृष्ठे जावी लागतात, आणि शिवीगाळीने दुखावलेला वाचक बहुधा त्याआधीच उठून गेलेला असतो.