स्वल्पविरामावर उभे कोष्टक

यावलच्या एखाद्या शाळेत वर्षभर रोजचा पाऊस मोजला, तर आपण त्याचे कोष्टक आखू : आडव्या ओळींत महिने, उभ्या रकान्यांत दिवस. ‘ऑक’ या स्क्रिप्ट भाषेत मात्र असे कोष्टक नसतेच. एहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत रचलेल्या या भाषेतील ॲरे एकमितीय आहे. दोन मितींचा आभास निर्माण करण्याची सोय १९८५ च्या सुधारित आवृत्तीत आली. हा आभास कितपत भरवशाचा आहे?

युक्ती साधी आहे. ‘पाऊस [७, १२]’ म्हणजे १२ जुलैची नोंद. संगणक ७ आणि १२ यांच्यामध्ये एक अदृश्य विभाजक चिन्ह घालून त्यांची एकच अक्षरमाला बनवतो आणि त्या नावाखाली नोंद ठेवतो. कोष्टकाचा आकार आधी सांगावा लागत नाही, रिकाम्या चौकटी जागा अडवत नाहीत. फैजपूर, साकळी, किनगाव अशी गावांची तिसरी मिती हवी असेल, तर आणखी एक स्वल्पविराम पुरतो. ही काटकसर कौतुकास्पद आहे.

दोष मात्र तीन आहेत. स्वल्पविराम विसरला, तर १२ जानेवारी (१, १२) आणि २ नोव्हेंबर (११, २) या दोहोंचे नाव ‘११२’ होते. एक नोंद दुसरीवर चढते आणि संगणक चूक दाखवत नाही. दुसरे, जुलैची संपूर्ण ओळ एकदम मागता येत नाही. सगळी नावे फोडून पाहावी लागतात.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. नसलेली नोंद नुसती विचारली, तरी ती चौकट तयार होते आणि बेरजेत शून्य धरली जाते. ३१ जूनसुद्धा अशीच जन्माला येते! मग नोंदींची संख्या मोजून सरासरी काढली, तर ती चुकते. ‘पाऊस मोजला नाही’ आणि ‘पाऊस पडला नाही’ यांतला फरकच पुसला जातो. निरीक्षणशास्त्रात याहून मोठी हानी कोणती? उपाय भाषेतच आहे : ‘इन’ हा शब्द वापरून चौकट न बनवता नोंदीची चौकशी करता येते.

‘गॉक’ या आवृत्तीत २०११ पासून ॲरेच्या आत ॲरे ठेवता येतो आणि महिन्याची ओळ स्वतंत्रपणे हाताळता येते. तरीही जुनी युक्ती शिकवावी. ‘११२’ म्हणजे कोणती तारीख, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी फळ्यावर सोडवू द्यावा, संगणक नंतर.