अत्याचारापूर्वीचा माणूस

दलित साहित्यावरील समीक्षेने वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द पुष्कळ वापरले. ते शब्द खोटे नाहीत. आपल्या जगण्यातूनच ते आले आहेत. परंतु मराठीचा अध्यापक म्हणून हे साहित्य वर्गात शिकविताना मला एक उणीव सतत जाणवत आली आहे. आपल्या कथा-कवितांत हिंसा येते ती बहुधा घडून गेल्यावर. मारणारा येतो, मार खाणारा येतो, पेटून उठणाराही येतो. पण हिंसा होऊच नये म्हणून जो आधी धावला, तो माणूस आपल्या साहित्यात क्वचितच भेटतो. ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही, असे माझे म्हणणे आहे.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा घ्या. जात लपवून राहणारा नायक, जात उघड होताच त्याला पडणारा मार आणि त्याला सोडवायला आलेला काशीनाथ. मराठी कथेला हादरवून सोडणारी ही कथा आहे. तिचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ती शिकवून झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, काशीनाथ आधीच आला असता तर?" मी म्हणालो, "मग कथाच झाली नसती." मुले हसली, ती मुलगी हसली नाही. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. कारण 'आधी आलेला' माणूस मी लहानपणी पाहिला होता.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मी आठवीत असताना जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून गावात कुरबुर सुरू झाली. आधी पिठाच्या गिरणीवाल्याने वस्तीचे दळण घेणे बंद केले. मग दुकानदाराने उधारी तोडली. कांदा काढणीला बायांना बोलावणे येईना. चौथी शिकलेल्या आमच्या तात्यांनी या खुणा ओळखल्या. वस्तीत माझे अक्षर बरे, म्हणून अर्ज मला लिहायला लावला. तो घेऊन ते तालुक्याला गेले. पहिल्या दिवशी कचेरीत पोच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय उठले नाहीत. रात्री गावातल्या दोन समजूतदार म्हाताऱ्यांच्या ओट्यावरही जाऊन बसले. बंदोबस्त आला. मिरवणूक ठरल्या रस्त्याने निघाली. एकही दगड पडला नाही. काही घडले नाही, म्हणून बातमी आली नाही, कविताही झाली नाही. तात्यांची दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे मात्र बुडाले.

अशा कामासाठी कायद्यात जागा आहे, हे मला एम.ए. झाल्यावर कळले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला तिसरा नियम मी एखादी साहित्यकृती वाचावी तसा ओळ न् ओळ वाचला. जिथे अत्याचाराची भीती आहे ती ठिकाणे शासनाने आधी हेरावीत. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवावे. गरज पडल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत. दर तिमाहीला आढावा घ्यावा. जागृती केंद्रे आणि कार्यशाळा चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना पैशाचे व इतर साहाय्य द्यावे. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते आणि तिच्यात आपल्या समाजातील अशासकीय सदस्यांना पाचपर्यंत जागा आहेत. त्या जागांवर कोण बसते, बैठक होते का, तिथे काय बोलले जाते, हे आपण लेखक-प्राध्यापक मंडळींनी कधी विचारले? मीही विचारले नव्हते. आपल्याला कायदा आठवतो तो गुन्हा नोंदविताना. त्याच्या नावात 'प्रतिबंधक' हा शब्द आहे, तो आपण वाचतच नाही.

बाबासाहेबांनी तो वाचायला शिकविले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. काठी उठण्याआधी गिरणी बंद होते, हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली.

आणि खैरलांजी? ३ सप्टेंबर २००६ रोजी त्या कुटुंबाच्या आप्तावर हल्ला झाला. मायलेकींनी हल्लेखोरांविरुद्ध साक्ष दिली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मधे सव्वीस दिवस होते. तेव्हा नियम होऊन अकरा वर्षे झाली होती. शासनाने ते दिवस वाया घालविले, तो गुन्हा शासनाचाच. पण २९ सप्टेंबरवर आपण इतके लिहिले, त्या सव्वीस दिवसांवर किती लिहिले?

कोणी म्हणेल, हिंसा टाळण्याची भाषा ही समझोत्याची भाषा आहे. तिने विद्रोहाची धार जाते. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण शांतता कमिटीच्या नावाखाली आपल्यालाच गप्प बसविण्याचे प्रकार गावोगाव चालतात. पण तात्यांनी मिरवणुकीचा रस्ता बदलला नाही. त्यांनी हक्क सोडला नाही आणि माणसेही गमावली नाहीत. हा विद्रोह नव्हे तर काय? हुतात्म्यालाच नायक मानण्याची सवय आपल्या वाङ्मयाला लागली, तर वाचलेली वस्ती आपल्याला विषय म्हणून दिसणारच नाही. जे दिसत नाही त्याच्यासाठी कोणी निधीही मागत नाही.

यंदा मी माझ्या विद्यार्थ्यांना कथेच्या आस्वादाऐवजी दुसरे काम दिले आहे. आपल्या वस्तीत कोणते भांडण पेटता पेटता राहिले, ते कोणी थांबविले आणि त्याला काय किंमत मोजावी लागली, हे घरच्या थोरांना विचारून लिहून आणायचे. त्याबरोबर जिल्ह्याच्या दक्षता समितीच्या मागच्या चार बैठकांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकारात मागायची. पहिला अर्ज त्या मागच्या बाकावरच्या मुलीने लिहिला. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. तिला मी एवढेच सांगितले, पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.