सोंग आणि लक्षण

खोटा माणूस ओळखण्याची ओढ फार जुनी आहे. रहस्यकथेचा सगळा व्यापार तिच्यावरच चालत आला. अलीकडे हा व्यापार व्हिडिओ गेमने आपल्या हाती घेतलेला दिसतो. एक नाका, नाक्यावर रांग, रांगेत एकेक माणूस, आणि यांतला निरोगी कोण व निरोग्याचे सोंग घेतलेला रोगी कोण हे ठरवणारे आपण. दिवाळी अंकात अशा करमणुकीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. पण माणूस कशावरून ओळखावा हा प्रश्न जिथे मांडला जातो, तिथे कादंबरीकाराला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आमच्या शाळेतली वरच्या वर्गातली मुले मधल्या सुटीत ज्यांविषयी तावातावाने बोलतात, असे तीन खेळ मी या उन्हाळ्यात बसून खेळलो. त्यांविषयी हे लिहीत आहे.

पहिला २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप या एकट्या माणसाची ही निर्मिती. आर्स्टोट्झ्का नावाचा कल्पित देश, १९८२ साल, सरहद्दीवरची एक चौकी, आणि सोडतीत नोकरी लागलेला एक तपासनीस. येथे माणसाचे अंग तपासणे दुय्यम, कागद मुख्य. शिक्का, तारीख, वजन, छायाचित्र यांतली विसंगती हुडकायची. माणसामागे मजुरी ठरलेली. दिवसाकाठी पहिल्या दोन चुका माफ, पुढे दंड. घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा यांची पोटे त्या मजुरीवर. एक नवरा-बायको येतात. नवऱ्याचे कागद चोख, बायकोचा परवाना नाही. तिला सोडावे की परतवावे? या प्रसंगात खोटे काहीच नाही, उणे आहे तो फक्त एक कागद. पोपचे मोठेपण हे की नियम मोडणारा आणि लबाड हे दोघे एकच नव्हेत, ही जाणीव तो कोठेही बोलून न दाखवता खेळाच्या घाटातूनच देतो.

दुसरा ‘क्वारंटाइन झोन : द लास्ट चेक’. हा २०२६ सालचा. येथे कागद गेला, त्याच्या जागी देह आला. साथ अशी की रोगी मरून पुन्हा चालू लागतो व दुसऱ्याला चावतो. खेळाडूने ताप मोजायचा, छातीला नळी लावायची, गुडघ्यावर हातोडी मारून पाहायची, कपड्यांआड दडवलेली जखम यंत्राने हुडकायची. मग कोणाला वस्तीत पाठवायचे, कोणाला विलगीकरणात, कोणाला गोळीच्या तोंडी. रोगी वस्तीत शिरला तर आतली माणसे मरतात. यातली कारागिरी चांगली आहे. हात तपासणीत रमतो आणि तास कसा गेला ते कळत नाही. पण खेळ संपल्यावर मनात काय उरते, असे विचारले तर मी म्हणेन : लक्षणांची जंत्री. लक्षण आणि रोग यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, तो हातोडीच्या ठोक्यापुरताच जिवंत आहे.

माझा मूळ आक्षेप येथेच आहे. हा खेळ आजाराला सोंग समजतो. आपल्याकडे बहुरूपी दारात येतो, फौजदाराचा आव आणून दरडावतो, आणि शेवटी हसून हात पुढे करतो. ते खरे सोंग. त्याला ओळखले जाणे हवे असते, कारण त्यावर त्याची बिदागी असते. हेराचेही सोंगच, त्याला ओळखले जाणे नको असते, कारण त्याच्या मनात कपट असते. रोग्याचे दोन्हींत बसत नाही. तो लपवतो तो भयाने. भयाने लपवणे आणि कपटाने लपवणे यांचे बाह्यरूप एकच असते, हे मान्य. पण जी कलाकृती त्यांच्यातला आतला फरक शोधीत नाही, ती फक्त जमादाराची नजर शिकवते.

ही केवळ कल्पनेतली गोष्ट नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयितांना वेगळे काढण्याचा हक्क दिला. गाठ येते ती जांघेत, काखेत, मानेत. म्हणून तपासणाऱ्याचा हात तिकडे जाई. पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरले, आणि बायकांच्या तपासणीवरून लोक संतापले. लोकांनी आपली आजारी माणसे लपवली हे खरे. पण कोणाला रोग द्यावा म्हणून लपवली नाहीत. छावणीत नेलेला माणूस परत येईल की नाही, याची खात्री नव्हती म्हणून लपवली. त्या काळच्या नाक्यावर उभ्या असलेल्या डॉक्टराला हे दोन अर्थ वेगळे करता येत होते काय? मला वाटते, साऱ्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे.

त्याहूनही अवघड उदाहरण न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनचे. ती स्वयंपाकीण. अंगात टायफॉइडचे जंतू, पण स्वतः ठणठणीत. १९०७ साली तिला धरून बेटावर ठेवले, १९१० मध्ये सोडले, १९१५ मध्ये पुन्हा नेले, आणि १९३८ मध्ये ती तिथेच वारली. आपण रोगी आहोत हे तिला पटलेच नाही. २०२० साली आपल्या गावोगावी दारात कपाळावर तापमापक धरले जात होते. ज्याला ताप नाही असा रोगी त्या यंत्रापुढून सुखाने आत जाई. ज्याला आपले सोंग ठाऊकच नाही, त्याला सोंगाड्या कसे म्हणावे?

तिसऱ्या खेळाने हा प्रश्न निदान विचारला आहे. २०२५ सालच्या सप्टेंबरात आलेल्या त्या खेळाचे नाव ‘नो, आय ॲम नॉट अ ह्यूमन’. उन्हाने दिवसा माणूस भाजून निघतो, म्हणून लोक रात्री दार ठोठावतात. त्यांत जमिनीतून वर आलेले, माणसांसारखे दिसणारे काही असतात. त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. येथे आपले घर हाच नाका. पाहुणे ओळखण्याची लक्षणे दूरदर्शनवर सांगितली जातात : अतिशुभ्र निर्दोष दात, नखांत माती, लाल डोळे, केस नसलेली काख. पण यांतले लक्षण खऱ्या माणसातही सापडते. तपासायला शक्ती मोजकी, हाती बंदूक, आणि कोणालाच घरात घेऊ नये म्हटले तर एकटे राहणेही धोक्याचे.

ती काख पाहताच मला १८९७ आठवले. नखे पाहून शाळा आठवली. प्रार्थनेनंतर मुलांना हात पुढे करायला लावून नखे पाहण्याची रीत आपल्या प्राथमिक शाळांत जुनी आहे. ज्याच्या नखांत माती, तो आळशी असतो किंवा पहाटे बापाबरोबर रानात जाऊन आलेला असतो. नख दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते; विचारल्यावाचून कळत नाही. आणि दातांचे काय? आम्ही कादंबरीकार नायिकेला कुंदकळ्यांचे दात देतो, खलपुरुषाला लाल डोळे देतो, आणि वाचक आमच्या खुणेवर विश्वास ठेवतो. या खेळात कुंदकळ्याच संशयाचे कारण ठरतात. उलट मिश्रीने काळवंडलेल्या दातांची म्हातारी त्या कसोटीतून बिनघोर सुटेल. खुणेने माणूस उभा करण्याच्या आमच्या सवयीवर याहून नेमकी टीका मी कोणा समीक्षकाच्या लेखात वाचलेली नाही.

या खेळातही दोष आहेतच. चेहरे मुद्दामच इतके विद्रूप काढले आहेत की खरा माणूसही भुतासारखा वाटतो, आणि जिथे कणव यावी तिथे किळस येते. शिवाय अखेर पाहुणे खरोखरच घातकी आहेत. म्हणजे संशय अगदीच निराधार नव्हता, असे समाधान खेळाडूला मिळते. तरीही तिघांत आशय आणि घाट यांचा मेळ पोपच्या खेळात सर्वांत पक्का, आणि देहाच्या तपासणीपुरते बोलायचे तर हा तिसरा खेळ दुसऱ्याहून पुष्कळ वरचा, असे माझे मत आहे. दुसरा नजर तीक्ष्ण करतो. तिसरा त्या नजरेवरच संशय घ्यायला लावतो.

मात्र तिन्ही खेळांत खेळाडू टेबलाच्या किंवा दाराच्या अलीकडे उभा आहे. मला वाट आहे ती पलीकडच्या खेळाची. रांग हळूहळू पुढे सरकते आहे, सकाळपासून काखेत दुखते आहे, कडेवर लहान मूल आहे, आणि तपासनीस विचारणार आहे की अंगात ताप आहे काय. त्या वेळी आपण काय उत्तर देऊ, हे ज्या दिवशी एखादा खेळ विचारील, त्या दिवशी त्याची गाठ थेट कादंबरीशी पडेल.