वाहन आणि वाट : ‘द लंचबॉक्स’ या चित्रपटाच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक :
शहरातील मालवाहतुकीचा शेवटचा टप्पा, म्हणजे गोदामापासून किंवा रेल्वे स्थानकापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचे अंतर, लहान व हलक्या वाहनांनी पार करावे, हा विचार आज नगरनियोजनात प्रतिष्ठा पावला आहे. मुंबईला तो नवा नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबे पोहोचविण्याची व्यवस्था पुढे लोकल गाडी, सायकल व हातगाडी यांच्या आधारे विस्तारली. रितेश बत्रा दिग्दर्शित ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाने ती जगभरच्या प्रेक्षकांपुढे आणली. हे चित्रण कितपत पूर्ण आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्रणाचे स्वरूप :
चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा इलाच्या डब्याचा माग काढतो. सायकल, लोकल, हातगाडी असा हा प्रवास जवळजवळ माहितीपटासारखा अस्सल उतरला आहे. परंतु डबा साजन फर्नांडिसच्या टेबलावर पोहोचताच वाहन कथेतून नाहीसे होते. डबेवाला उरतो तो दोन एकाकी जिवांमधील निनावी निरोप्या म्हणून. डबा चुकल्याची तक्रार इला करते, तेव्हा तो हार्वर्डचा दाखला देऊन चूक नाकारतो. हा प्रसंग विनोदी असला तरी निराधार नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर खरोखरच अभ्यास प्रसिद्ध केला होता. मात्र ही अचूकता कोठून येते, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

अचूकतेचे मूळ :
या अचूकतेचे बरेचसे श्रेय वाहनाच्या लहानपणाला द्यावे लागेल. सायकलवर तीस-चाळीस डबेच मावतात. त्यामुळे एका माणसाकडे मोजकी घरे येतात. ती घरे व तेथील माणसे त्याच्या नित्य परिचयाची होतात. झाकणावरील खुणा पुढील हातांना इमारत व मजला सांगतात. व्यवस्थेत येणारा सभासद सायकल, लाकडी पाटी, पांढरा पोशाख व टोपी ही सामग्री भांडवल म्हणून आणतो आणि गटाच्या मिळकतीत वाटा घेतो. म्हणजे वाहन त्याचे, आणि वाटही त्याचीच. शेवटी साजन डबेवाल्यांसोबत लोकलमध्ये बसलेला दिसतो. पत्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच तो शरण गेला आहे. नकळत का होईना, चित्रपट येथे सत्याच्या सर्वाधिक जवळ येतो.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने :
हा प्रश्न केवळ मुंबईचा नव्हे. शहापूर तालुक्यातील तरुण आसनगाव, खर्डी वा कसाऱ्याहून लोकल पकडतो. मुरबाडला रेल्वे नसल्याने तेथील तरुणाला आधी कल्याण गाठावे लागते. नाशिक महामार्गालगत भिवंडी परिसरात उभी राहिलेली गोदामे दोघांनाही जवळची. ऑनलाइन वितरणाच्या नव्या व्यवस्थेत दुचाकी, इंधन व दुरुस्ती यांचा भार बहुधा कामगारावर पडतो. ग्राहक, दर आणि फेऱ्या मात्र कंपनीचे अ‍ॅप ठरविते. वाहन त्याचे, वाट परक्याची. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली, हे स्वागतार्ह आहे. परंतु मिळकतीतील वाटा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

अर्थात डबेवाल्यांच्या व्यवस्थेचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. तिचे सभासद प्रामुख्याने मावळ, खेड, जुन्नर या भागांतील असून नातेसंबंध व गावकी यांवर प्रवेश अवलंबून असतो. आपल्या तालुक्यांतील तरुणांना ते दार सहज उघडणारे नाही. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद असताना ही सेवाही बंद राहिली. हलके वाहन एकट्याच्या बळावर शहर पोसू शकत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
‘द लंचबॉक्स’ हा डब्याविषयीचा हृद्य चित्रपट आहे. डबेवाल्याविषयीचा मात्र तो अपुरा आहे. हलक्या वाहनांचा पुरस्कार करणाऱ्या नियोजनातही हाच अपुरेपणा जाणवतो. ते वाहनाचे वजन व इंधन मोजते, चालविणाऱ्याचा हक्क मोजीत नाही. दारापर्यंतची वाट ज्याच्या पायाखालची, तिच्या मिळकतीत त्याचा वाटा किती, हा निकष लावल्याखेरीज शेवटच्या टप्प्याची कोणतीही चर्चा पूर्ण होणार नाही.