वर्गणी, सोडत आणि निवड

श्रावण सरत आला की सोलापुरात मंडळांची पावतीपुस्तके बाहेर पडतात. काही मंडळे वर्गणीच्या पावतीसोबत सोडतीचे कूपनही देतात. बक्षीस दुचाकीचे, टीव्हीचे, नाहीतर पैठणीचे. वर्गणीतून मूर्ती येते, मूर्तिकाराला काम मिळते आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन होते. चारचौघांनी पैसे घालून कलाकृती घडवून घेणे आपल्याला नवे नाही. तिच्यातली एखादी घरी नेऊन भिंतीवर लावणे मात्र नवे आहे. सोडतीचे बक्षीस म्हणून चित्र ठेवलेले निदान माझ्या पाहण्यात नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात नेमके हेच घडले. म्युनिकसारख्या जर्मन शहरांत १८२०च्या दशकात कलासंघ निघाले. सभासदांच्या वर्गणीतून चित्रे घ्यायची आणि सभासदांतच सोडत काढून वाटायची, अशी त्यांची रीत होती. १८३७ साली ‘आर्ट युनियन ऑफ लंडन’ स्थापन झाली. वर्षाची वर्गणी एक गिनी. प्रत्येक सभासदाला एक छापील चित्र हमखास मिळे, आणि सोडतीत नाव निघाले तर मूळ चित्र घेण्यासाठी रक्कम मिळे. हा जुगार आहे अशी ओरड झाली, तेव्हा १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून अशा संस्थांना सोडतबंदीतून सूट दिली.

अमेरिकेत मात्र उलटे झाले. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन आर्ट-युनियन’ची वर्गणी पाच डॉलर होती. टॉमस कोल यांची ‘द व्हॉयेज ऑफ लाइफ’ ही चार चित्रांची मालिका १८४८ च्या सोडतीत बक्षीस म्हणून लागली आणि त्या वर्षी सभासदसंख्या सोळा हजारांवर गेली. चारच वर्षांनी न्यायालयाने ही सोडत बेकायदा ठरवली आणि संस्था संपली.

या इतिहासावर बोलताना टीकाकार बहुधा सोडतीलाच धरून बसतात : नशिबाच्या खेळाने अभिरुची भ्रष्ट होते, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप वरवरचा वाटतो. मुंबईच्या टाउन हॉलसाठी सोडतीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला होता. तो अपुरा पडला, सरकारने भर घातली आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या कुणाची बुद्धी त्यामुळे भ्रष्ट झाली नाही. खरे प्रश्न दोनच : चित्र निवडतो कोण, आणि ज्याचे नाव निघाले नाही त्याच्या हाती काय उरते?

लंडनमध्ये निवड विजेत्याची होती. त्या वर्षीच्या प्रदर्शनांत हिंडून त्याने आपल्या पसंतीचे चित्र घ्यायचे. न्यूयॉर्कमध्ये समिती चित्रे विकत घेई आणि विजेत्याला जे येईल ते घ्यावे लागे. लंडनच्या पद्धतीवर टीका अशी की सामान्य माणूस गोड आणि गुळगुळीत तेवढेच उचलतो. तिच्यात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या समितीने मिझुरीच्या जॉर्ज कॅलेब बिंगहॅम यांचे नदीवरच्या नावाड्यांचे चित्र घेतले आणि त्याची छापील प्रत देशभरच्या सभासदांच्या घरी पोचवली. आडगावच्या चित्रकाराला असे नाव सभासदांच्या मतदानातून मिळाले असते का, याची शंकाच आहे.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण चित्रकलेत नाही, ग्रंथव्यवहारात आहे. ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ १९७०च्या दशकात उभी राहिली ती सभासदांच्या बळावर. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये तिथूनच आले. आधी पैसे भरून बसलेला वाचक पाठीशी असला की प्रकाशकाला धाडस परवडते. दुकानात जाऊन ज्याने ही पुस्तके कदाचित उचलली नसती, त्याच्या घरी ती गेली आणि वाचली गेली. वर्गणीचे खरे सामर्थ्य हे आहे.

चित्राच्या बाबतीत आपण दुसरी वाट धरली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. आर्ट युनियन हरलेल्या सभासदाला जे देत होती, ते छापील चित्र आपल्याकडे बाजाराने सरळ विकले. सोडतीची गरजच उरली नाही. याचा लाभ मोठा आहे : ज्या घरात पुस्तक नव्हते तिथेही लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. तोटा असा की चित्र म्हणजे देवाची तसबीर किंवा कॅलेंडर, हे समीकरण पक्के झाले. आपल्याच गावात राहणाऱ्या चित्रकाराचे मूळ चित्र विकत घ्यायचे असते, ही सवय मधल्या मध्ये राहून गेली. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले याचा अभिमान आपण सांगतो. पण जन्म देणे वेगळे आणि आश्रय देणे वेगळे.

मग सोलापूरने आर्ट युनियन काढावी का? कायदा आडवा येतो. भारतीय दंडसंहितेत १८७० साली २९४-अ हे कलम आले आणि सरकारी किंवा सरकारमान्य सोडत सोडून बाकीच्या सोडतींची कचेरी चालवणे गुन्हा ठरले. नव्या न्याय संहितेतही ती तरतूद आहे. चित्रासाठी काढलेल्या सोडतीला इंग्लंडसारखी वेगळी सूट आपल्या कलमात नाही.

पण आपल्याजवळ भिशी आहे. यंत्रमागाच्या कामगारवस्तीत, बाजारपेठेत, बायकांच्या मंडळात ती चालते, आणि तिच्यातही चिठ्ठीच काढतात. फरक मूलभूत आहे. आर्ट युनियनमध्ये चित्र मिळेल की नाही हे नशीब ठरवी. भिशीत ते फक्त कधी मिळेल एवढे ठरवते. हरणारा कुणी नसतो. बारा घरांनी दरमहा ठरावीक रक्कम घालायची, चिठ्ठी निघेल त्याने त्या महिन्यात एक मूळ चित्र घ्यायचे. वर्षअखेर बारा भिंतींवर बारा चित्रे, आणि चित्रकारांना महिन्याला एक नक्की गिऱ्हाईक.

निवडीचा पेच यानेही सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. बारा जणांनी बारा सूर्यास्त आणले तर भिशीने चित्रकार जगवले, चित्रकला नव्हे, असे म्हणावे लागेल. म्हणून मी मधला मार्ग सुचवीन : चार-पाच चित्रकारांची नावे जाणकाराने सुचवावीत, त्यांतले चित्र मात्र घेणाऱ्याने स्वतः त्यांच्या कामाच्या जागी जाऊन निवडावे. पहिल्या खेपेला तो चुकेल. पण चुकलेले चित्र रोज समोर दिसते, आणि दुसऱ्या फेरीत त्याच माणसाची नजर वेगळी असते. टीकाकारांच्या लेखांनी, माझ्याही, जे होत नाही ते खिशातून गेलेल्या पैशाने होते.

मंडळांच्या कूपनावर दुचाकी राहू द्यावी. भिशीच्या वहीत मात्र एक पान चित्राचे असायला हरकत नाही.